बफेलोच्या बर्फावरचा ‘सेबर डान्स’: एका आर्मेनियन चालीचं प्रकरण

४ जानेवारी १९७६ रोजी बफेलोत एका सोव्हिएत संघाचा धुव्वा उडाला. बफेलो म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचं, कॅनडाच्या सीमेला खेटलेलं कारखान्यांचं शहर. त्या हिवाळ्यात मॉस्कोचे दोन क्लब उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी संघांशी आठ सामने खेळायला आले होते. त्यांनी पाच जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि फक्त दोन हरले. त्या दोनांतला एक इथला होता: यजमान बफेलो सेबर्स १२, क्रिल्या सोवेतोव ६. आइस हॉकीत एका सामन्यात बारा गोल खाणं ही कुठल्याही गोलरक्षकाची काळरात्र. शीतयुद्धाचे दिवस असल्यामुळे त्या आकड्याला खेळापलीकडचा अर्थ चिकटला आणि बफेलोतले जुने लोक अजूनही तो सांगतात.

त्या सामन्यातली एक विसंगती मात्र फारशी कोणी बोलून दाखवत नाही. सेबर्सची ओळखधून होती ‘सेबर डान्स’, म्हणजे तलवारींचा नाच. ती लिहिणारे अराम खाचातुरियन तेव्हा ७२ वर्षांचे होते आणि मॉस्कोत राहत होते. सोव्हिएत आर्मेनियाच्या राष्ट्रगीताची चाल त्यांचीच. सोव्हिएत क्लबला लोळवणारा अमेरिकी क्लब जी धून आपली म्हणून मिरवत होता, ती सोव्हिएत युद्धकाळातल्या एका देशभक्तीपर बॅलेतून आली होती.

हे प्रकरण त्या धुनेचं आहे. देशाच्या नावाने जन्मलेली चाल खेळाच्या मैदानात गेली की तिच्यातलं नेमकं काय मैदान उचलतं आणि काय मागे टाकतं, हे तपासायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पेर्ममधली रात्र

ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मन फौजा लेनिनग्राडकडे सरकत होत्या, तेव्हा तिथल्या किरोव थिएटरचा सगळा बारदाना उरल पर्वताजवळच्या पेर्म शहरात हलवण्यात आला. या शहराचं नाव त्या काळी मोलोतोव असं होतं. नर्तक, वादक, कपडे, पडदे सगळं तिकडे. खाचातुरियनही तिथे येऊन राहिले आणि हॉटेलच्या एका लहानशा खोलीत त्यांनी ‘गयाने’ हा बॅले पुरा केला. पहिला प्रयोग ९ डिसेंबर १९४२ रोजी झाला. नृत्यरचना नीना अनिसिमोवा यांची आणि कथानक त्यांचे पती कॉन्स्तांतिन देर्झाविन यांचं.

कथा आर्मेनियातल्या एका सामूहिक शेतावर घडते. गयाने ही कापूस वेचणारी कष्टाळू बाई. तिचा नवरा गिको दारुडा आणि कामचुकार. तो चोरट्यांना सामील होतो आणि कापसाच्या गोदामाला आग लावतो. शेवटी पकडला जातो. गयाने लाल सैन्याच्या सीमेवरच्या अधिकाऱ्याशी संसार मांडते आणि सगळा गाव आनंदात नाचतो. आज वाचताना ही प्रचाराची गोष्ट वाटते, आणि ती होतीच. घरातला फितूर ओळखा, पीक वाचवा, सैन्यावर विश्वास ठेवा: १९४२ सालच्या सोव्हिएत प्रेक्षकाला एवढं पुरेसं होतं. संगीत मात्र कथेपेक्षा कितीतरी वरचं निघालं, कारण त्याचा पाया आधीच घातलेला होता. १९३९ मध्ये खाचातुरियन काही महिने आर्मेनियात राहून लोकसंगीत ऐकत हिंडले होते, त्यातून ‘आनंद’ नावाचा बॅले उभा राहिला होता, आणि त्याचा बराचसा ऐवज त्यांनी ‘गयाने’त घेतला.

‘सेबर डान्स’ मात्र त्या ऐवजात नव्हता. तो मागणीवरून आला. प्रयोग तोंडावर आलेला असताना थिएटरच्या संचालकांनी सांगितलं की शेवटच्या अंकात आणखी एक नाच हवा. खाचातुरियन यांच्या मते काम संपलेलं होतं आणि ते कुरकुरत बसले. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे दुपारी तीनच्या सुमाराला सुरुवात केली आणि पहाटे दोनपर्यंत नाच लिहून झाला. अकरा तास. सकाळी वाद्यवृंदाने तो वाजवून पाहिला आणि लगेच पावलं बसवायला घेतली.

ही हकिकत इथे इतक्या तपशिलात देण्याला कारण आहे. ‘अभिजात संगीताचा तुकडा खेळाच्या मैदानात नेऊन त्याची किंमत कमी केली’ अशी तक्रार या धुनेबद्दल ऐकू येते. ती मला पटत नाही. हा तुकडा जन्मलाच मुळी शेवटच्या अंकात टाळ्या घेण्यासाठी. प्रेक्षक थकलेत, कथा आटोपली आहे, आता दोन-अडीच मिनिटं त्यांना खुर्चीच्या टोकावर आणा, एवढंच काम त्याला नेमून दिलेलं होतं. हॉकीच्या सभागृहात तो हेच काम करत आला. मैफलीत काळा कोट घालून गंभीर चेहऱ्याने तो वाजवणाऱ्यांपेक्षा बफेलोचा प्रेक्षक त्याच्या मूळ हेतूच्या जवळ होता, असं म्हणायला माझी हरकत नाही.

अडीच मिनिटांत काय आहे

रचना सरळ आहे: पहिला भाग, मधला भाग, पुन्हा पहिला. सुरुवातीपासून तालवाद्यं आणि तंतुवाद्यं एकच ठोका धरतात आणि तो सुटत नाही. त्यावर झायलोफोन एकाच स्वरावर टकटक करत सुटतो, मग खाली घसरतो. ट्रोम्बोन मध्येच स्वर ओढून घसरगुंडी करतात. गती इतकी की ऐकणाऱ्याला दम लागावा. यात आर्मेनियन म्हणावं असं काय, हे पहिल्या वीस-तीस सेकंदांत कोणालाच सांगता येणार नाही. वेग, धोका, चढाई एवढंच ऐकू येतं.

मग मिनिटभराच्या आतच सगळं पालटतं. ठोका खाली चालूच राहतो, पण त्याच्यावर एक लांब, लोळणारी, जरा मुरकणारी चाल येते. सॅक्सोफोन आणि चेलो ती वाहून नेतात. या मधल्या भागाचा आधार आर्मेनियन लोकगीताचा आहे. आर्मेनियाचे ज्येष्ठ संगीतकार तिग्रान मानसुरियन यांनी या नाचाची फोड करताना ग्युमरी शहरातल्या लग्नाच्या नाचाची चाल दाखवून दिली आहे, आणि तिच्याभोवती फिरणारा सॅक्सोफोन त्यांना थेट अमेरिकेतून आल्यासारखा वाटतो. हे निरीक्षण मला फार आवडतं. बॅलेच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन एरवी पाहुणाच. पेर्ममधल्या त्या रात्री खाचातुरियन यांनी ग्युमरीच्या लग्नघरात एक जॅझवाला आणून बसवला होता.

ग्युमरी हे आर्मेनियाचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, सोव्हिएत काळातलं लेनिनाकान. तिथल्या लोकांचा विनोद आणि तिथले आशुग, म्हणजे फिरते गायक-कवी, दोन्ही प्रसिद्ध. लग्नाच्या नाचात तिथे झुर्ना वाजतो, आपल्या सनईच्याच कुळातला, पण उघड्या मैदानासाठी बनलेला, कर्कश म्हणावा इतका मोठा आवाज असलेला. त्याच्या जोडीला दोन तोंडांचं चामडी वाद्य असतं, आणि आर्मेनियात त्याला ढोलच म्हणतात. खाचातुरियन यांनी ती चाल झुर्न्यावरून काढून सॅक्सोफोन आणि चेलोला दिली, तेव्हा तिची धार गेली आणि मादकपणा आला. ज्यांनी ग्युमरीचं लग्न पाहिलं आहे त्यांनाच तिच्यातलं लग्न ओळखू येईल.

खाचातुरियन स्वतः ग्युमरीचे नव्हते. जन्म १९०३ चा, तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या त्बिलिसीचा. वडील पुस्तकं बांधण्याचा धंदा करत. आईवडील दोघेही नखिचेवान भागातल्या आझा नावाच्या जोड गावांतले, जो भाग आज अझरबैजानात आहे. खाचातुरियन १९२१ मध्ये मॉस्कोला गेले, तेव्हा एकोणीस वर्षांचेही झालेले नव्हते. संगीताचं रीतसर शिक्षण तिथेच सुरू झालं. आर्मेनियन संगीताचा जगभरचा चेहरा ठरलेला माणूस आर्मेनियात कधी वाढलाच नाही. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

एकाच वर्षात शिक्षा आणि लोकप्रियता

युद्धानंतर ‘गयाने’तले नाच वाद्यवृंदाच्या मैफलींतून अमेरिकेत पोहोचले. १९४८ साल आलं तेव्हा ‘सेबर डान्स’ तिथल्या हॉटेलांतल्या नाणं टाकून गाणी वाजवणाऱ्या पेट्यांत शिरला होता. वुडी हर्मनच्या जॅझ बँडने तो वाजवला, फ्रेडी मार्टिनने नाचाच्या तालावर बसवला, अँड्र्यूज भगिनींनी शब्द घालून गायला. त्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने ठराव करून शोस्ताकोविच, प्रोकोफिएव आणि खाचातुरियन यांच्यावर ठपका ठेवला. आरोप असा की यांचं संगीत जनतेपासून तुटलेलं, रूपवादी, म्हणजे आशयापेक्षा घाटाला महत्त्व देणारं आहे. ज्या माणसाची चाल अमेरिकेतला ट्रक ड्रायव्हर शिट्टीवर वाजवू शकत होता, त्याला त्याच्याच देशात ‘जनतेपासून तुटलेला’ म्हटलं जात होतं. सरकारी समित्यांची कान उघडे ठेवण्याची क्षमता सगळीकडे सारखीच असावी.

पुढच्या वीस वर्षांत ही धून सर्कशीत गेली, टेलिव्हिजनवर काठ्यांवर ताटल्या फिरवणाऱ्यांच्या मागे वाजली, व्यंगचित्रपटांत पाठलागाच्या प्रसंगांना जोडली गेली. १९६८ मध्ये ब्रिटनच्या लव्ह स्कल्प्चर या रॉक त्रिकुटाने इलेक्ट्रिक गिटारवर ती इतक्या वेगात वाजवली की ब्रिटिश यादीत ती पाचव्या क्रमांकावर गेली. खाचातुरियन या प्रसिद्धीने वैतागलेले असत. आपल्या सिंफनी, कॉन्सर्टो, ‘स्पार्टाकस’सारखा बॅले हे सगळं या अडीच मिनिटांनी झाकून टाकलं, अशी त्यांची खंत होती आणि ती खोटी नव्हती.

क्लबला नाव मिळालं, नावाला धून

१९७० मध्ये नॅशनल हॉकी लीगने बारा संघांचे चौदा केले. नव्या दोनांपैकी एक बफेलोला मिळाला. मालक सीमूर आणि नॉर्थ्रप हे नॉक्स बंधू. नावासाठी लोकांकडून सूचना मागवल्या आणि त्यांतून ‘सेबर्स’ निवडलं गेलं. सेबर म्हणजे घोडदळाची वाकडी तलवार. सेनापतीच्या हातात शोभणारी, वार करायला आणि वार अडवायला दोन्ही चालणारी, हा त्यामागचा विचार. चिन्हावर रानरेडा आणि खाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी. रंग निळा आणि सोनेरी.

नाव सेबर्स ठरल्यावर ‘सेबर डान्स’ उचलायला फार डोकं लागत नाही. चाल सगळ्या अमेरिकेला पाठ होती, नावात तलवार होती आणि गती हॉकीची होती. क्लबच्या पहिल्या दिवसांपासून ती त्याची ओळखधून झाली. १५ ऑक्टोबर १९७० रोजी घरच्या बर्फावर पहिला सामना झाला आणि माँट्रियालने ३-० ने हरवलं. पण नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क कोणाचा हे चाक फिरवून ठरलं, त्यावर ११ हा आकडा आल्यामुळे जिल्बेर पेरो नावाचा अस्सल हिरा त्यांच्या हाती लागला होता. त्याने आयुष्यभर पाठीवर ११ मिरवला. पेरो, रिक मार्टिन आणि रेने रोबेर या तिघांच्या फळीला ‘फ्रेंच कनेक्शन’ म्हणत. पाच वर्षांत संघ लीगच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला.

१९७५ ची ती अंतिम फेरी बफेलो फिलाडेल्फियाकडून ४-२ ने हरला, पण २० मेचा तिसरा सामना दंतकथेत गेला. सभागृहाला वातानुकूलन नव्हतं. मेच्या उकाड्यात बर्फावरून धुकं उठलं आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, दिसेना. त्यात एक वटवाघूळ खेळाडूंच्या डोक्यांवरून घिरट्या घालू लागलं. जिम लोरेंट्झ या सेबरने हॉकी स्टिकच्या एका फटक्यात ते खाली पाडलं. जादा वेळात रोबेरने गोल करून सामना जिंकून दिला. तलवारीच्या नावाच्या या क्लबच्या इतिहासातला सर्वांत नेमका वार एका वटवाघळावर झाला, असं म्हणावं लागतं.

अशा चढत्या काळात, साडेसात महिन्यांनी, क्रिल्या सोवेतोव बफेलोत आला. निकाल वर सांगितलाच आहे.

मैदानाने काय उचललं

आइस हॉकीत खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन तुकड्यांत होतो. प्रत्यक्षात मात्र तो सतत थांबतो: पक प्रेक्षकांत गेला, गोलरक्षकाने दाबून धरला, पंचाने शिट्टी मारली. पुन्हा दोन खेळाडू समोरासमोर येऊन पक टाकला जाईपर्यंत जेमतेम अर्धं मिनिट जातं. सभागृहातला ऑर्गन किंवा ध्वनिफीत या फटीत वाजते. इथे कोणतीही धून पहिल्या सेकंदापासून पेटलेली लागते. तिला हळू चढायला, भाव मांडायला वेळ नाही.

‘सेबर डान्स’चा पहिला भाग या फटीत अचूक बसतो. पहिल्या ठोक्यालाच तो पूर्ण वेगात असतो आणि कुठेही तोडला तरी चालतो, कारण त्यात वाक्य नाही, नुसता जोर आहे. मधल्या भागाचं तसं नाही. त्याला आधीच्या धावपळीची पार्श्वभूमी लागते, नाहीतर त्याचा आराम जाणवत नाही. आणि ती लांब चाल मध्येच तोडली तर ऐकणाऱ्याला खटकतं. थोडक्यात, थांब्याचा हिशेब आणि धुनेची रचना एकत्र ठेवली की उत्तर मिळतं: पहिला भाग आत, मधला बाहेर.

आणि ग्युमरी होतं मधल्या भागात. मानसुरियन यांना ऐकू आलेली अमेरिकाही तिथेच होती. बफेलोच्या कानांवर आदळत राहिला तो कोणत्याही देशाचा नसलेला भाग.

खेळाने धुनेतला देश मुद्दाम काढून टाकला असं मी म्हणणार नाही. कोणी बसून ठरवलं नाही. घड्याळाने ते केलं. पण परिणाम तोच. ज्या बॅलेने युद्धाच्या काळात आर्मेनियन गाव सोव्हिएत रंगमंचावर उभं केलं, त्यातलं गाव गळालं, लग्न गळालं, कापसाची आग तर कधीच गळाली होती. उरली ती तलवार, आणि तीही बफेलोची. त्यामुळेच ही धून १९७० च्या दशकात, व्हिएतनाम आणि शीतयुद्धाच्या सावटात, अमेरिकी प्रेक्षकाला बिनधास्त वाजवता आली. संगीतकार सोव्हिएत आहे म्हणून ती थांबवावी असं कोणाला वाटण्याएवढा देश तिच्यात शिल्लकच नव्हता.

बर्फाच्या दुसऱ्या खेळात, फिगर स्केटिंगमध्ये, गणित वेगळं आहे. तिथे अडीच ते चार मिनिटांचा कार्यक्रम असतो आणि स्केटर सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग संगीतावर नाचतो. म्हणून खाचातुरियन तिथे जास्त पूर्ण भेटतात. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये जपानच्या माओ असादाने छोट्या कार्यक्रमासाठी त्यांचा ‘मॅस्करेड’मधला वॉल्ट्झ घेतला आणि त्याच्यावर ट्रिपल अ‍ॅक्सल ही हवेत साडेतीन गिरक्यांची अवघड उडी उतरवली, स्पर्धेअखेर तिला रौप्य मिळालं. पण तो वॉल्ट्झ लेर्मोंतोवच्या रशियन नाटकासाठी लिहिलेला. आर्मेनिया तिथेही नव्हता.

दुसरी चाल, दुसरी वाट

याच्या शेजारी आणखी एक आर्मेनियन धून ठेवून पाहिली की प्रकरण उलगडतं. १९९९ मध्ये येरेवानचे संगीतकार आरा गेवोर्ग्यान यांनी ‘आर्त्साख’ नावाची वाद्यरचना केली. शब्द एकही नाही. लोकवाद्यांचा बाज, खाली ढोलाचा लष्करी म्हणावा असा ठोका आणि आधुनिक वाद्यमेळ. चढत जाणारी, छाती भरून आणणारी चाल. स्केटिंग आणि जिम्नॅस्टिक्स करणाऱ्यांना ती का भावावी हे ऐकताक्षणी कळतं: ठोका स्पष्ट, उड्या मारायला जागा मोकळ्या, शेवट चढता. तांत्रिकदृष्ट्या ती ‘सेबर डान्स’इतकीच मैदानासाठी सोयीची आहे, किंबहुना जास्तच.

अडचण शीर्षकात आहे. आर्त्साख हे नागोर्नो-काराबाखचं आर्मेनियन नाव. सोव्हिएत काळात हा आर्मेनियन बहुसंख्येचा भाग अझरबैजानला जोडलेला होता. १९८८ मध्ये संघर्ष पेटला, युद्ध झालं, १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि तो भाग आर्मेनियन नियंत्रणात राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने मात्र त्याला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली नाही आणि आंतरराष्ट्रीय दृष्टीने तो अझरबैजानचाच राहिला. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने त्यातला मोठा हिस्सा परत घेतला. सप्टेंबर २०२३ च्या हल्ल्यानंतर एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक काही दिवसांत घरं सोडून निघाले आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथली आर्मेनियन राज्यव्यवस्था विसर्जित झाली. एका बाजूला ते नाव म्हणजे गमावलेलं घर, दुसऱ्या बाजूला आपल्या भूमीवर सांगितलेला परका हक्क.

ऑलिंपिक सनदेचा ५० वा नियम स्पर्धेच्या ठिकाणी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचाराला मनाई करतो. कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये महिलांच्या फ्लोअर प्रकारात तर शब्द असलेलं संगीतच चालत नाही. नियम करणाऱ्यांची समजूत अशी की शब्द काढले की राजकारण निघालं. वाद्यसंगीताच्या बाबतीत ही समजूत तोकडी पडते. फिगर स्केटिंगमध्ये स्केटर संगीताचं नाव आधी कळवतो, ते अधिकृत कागदांत छापलं जातं, पडद्यावर झळकतं. सूर कितीही निःशब्द असले तरी त्यांच्या आधी नाव पोहोचलेलं असतं, आणि बाकू आणि येरेवान दोन्हीकडचे लोक ते वाचतात.

‘सेबर डान्स’च्या बाबतीत उलटं घडलं होतं. त्याच्या आत खरीखुरी आर्मेनियन लोकचाल होती, पण नाव हत्याराचं. खाचातुरियन यांचं मूळ गाव आज अझरबैजानात आहे, हे हॉकीच्या सभागृहात कोणी विचारलं नाही, कारण विचारायला लावेल असं काही पाटीवर नव्हतं. गेवोर्ग्यान यांच्या रचनेत लोकसंगीताचा बाज आहे, पण तिला जड करणारी गोष्ट पाटी आहे. खेळाच्या संस्था तपासतात ती पाटीच. माझं मत असं की वाद्यसंगीताला नियम लावताना त्यांनी हे तरी उघड मान्य करावं की आपण संगीत ऐकत नाही, शीर्षक वाचतो. मग निदान नियम सगळ्यांना सारखा लावता येईल.

ग्युमरीची माणसं

आर्मेनियातून पाहिलं की या प्रकरणाला आणखी एक बाजू दिसते. ग्युमरी हे वजन उचलणाऱ्यांचं आणि कुस्तीगिरांचं गाव. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये तिथल्या युरिक वार्दान्यान यांनी ८२.५ किलो गटात एकूण ४०० किलो उचलून सुवर्ण घेतलं. त्या वजनगटात इतकं कोणी तोवर उचललं नव्हतं. छातीवर सोव्हिएत अक्षरं होती आणि वाजलं ते सोव्हिएत राष्ट्रगीत. जग त्यांना रशियन वजनवीर म्हणूनच ओळखत होतं. ग्युमरीची चाल बफेलोत बिननावाची गेली तसा ग्युमरीचा माणूस मॉस्कोत दुसऱ्याच्या नावाने उभा राहिला. २०१६ मध्ये रिओत ग्युमरीच्याच आर्तुर अलेक्सान्यानने ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्ण जिंकलं तेव्हा झेंडा तांबडा-निळा-नारिंगी होता आणि सूर ‘मेर हायरेनिक’चे, स्वतंत्र आर्मेनियाच्या राष्ट्रगीताचे.

यातली गंमत अशी की खाचातुरियन यांनी १९४४ मध्ये सोव्हिएत आर्मेनियासाठी केलेली राष्ट्रगीताची चाल स्वातंत्र्यानंतर बाजूला पडली. त्यांनी देशासाठी म्हणून मुद्दाम लिहिलेली धून विजयमंचावर कधी वाजत नाही, आणि अकरा तासांत कुरकुरत लिहिलेला नाच सगळीकडे वाजतो. आर्मेनियाने मात्र त्यांना टाकलं नाही. १९७८ मध्ये मॉस्कोत मृत्यू झाल्यावर त्यांना येरेवानच्या कोमितास पँथिऑन या नामवंतांच्या दफनभूमीत पुरण्यात आलं. १९९८ च्या ५० द्रामच्या नोटेवर एका बाजूला त्यांचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ‘गयाने’तला प्रसंग, मागे अरारात पर्वत. तो पर्वतही आज तुर्कस्तानात आहे. आर्मेनियाला आपल्या खुणा सीमेपलीकडे असण्याची सवय आहे, त्यामुळे एक नाच अमेरिकेत असला तर बिघडलं कुठे, असा विचार तिथला माणूस करत असेल तर नवल नाही.

बफेलोचं पुढे काय झालं? १९९६ मध्ये क्लब जुनं सभागृह सोडून नव्या रिंगणात गेला. १९९९ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि डॅलसकडून हरला. निर्णायक गोल नियमबाह्य होता यावर शहरात आजही एकमत आहे. २०११ नंतर सलग १४ हंगाम संघ बाद फेरीत पोहोचला नाही, लीगच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ. चषक एकदाही आलेला नाही.

धुनेच्या मधल्या भागाला मैदानात जागा नाही असं वर म्हटलं ते थांब्यांबद्दल खरं आहे. हॉकीच्या तीन तुकड्यांमध्ये दोन मध्यंतरंही असतात, दरवेळी पंधरा मिनिटांहून जास्त. तेव्हा बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी गाडी गोल गोल फिरते, लोक बिअरच्या रांगेत असतात आणि पडद्यावर जाहिराती चालू असतात. अख्खा ‘सेबर डान्स’ अडीच मिनिटांत संपतो. बफेलोत चांगला फिलहार्मोनिक वाद्यवृंदही आहे, आणि त्याच्याकडे सॅक्सोफोन वाजवणारा माणूस सापडायला अडचण पडू नये.